मुका हात

खालाला चेहरे लक्षात राहत नसत. पाच वर्षांच्या ओळखीची बाई समोर येऊन उभी राहिली तरी ती भलतीकडेच बघत विचारायची, "कोन शे व माय?" मग त्या बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी एकदा दाबून बघायची आणि लगेच म्हणायची, "हां, दोन-सहा. तू वरल्या गल्लीनी धाकली सून ना?" दोन-सहा हे बांगडीचं माप. कुणी दोन-चार, कुणी दोन-सहा, कुणी चांगली भरलेली दोन-आठ. शहाद्यापासून तापीकाठापर्यंतच्या दहा-बारा गावांतल्या बायका खालाला नावाने नाही, मापाने ठाऊक होत्या, आणि त्यात ती कधी चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

ती शहाद्याच्या मणियार मोहल्ल्यातली. पिढ्यान् पिढ्यांचा धंदा बांगड्या भरण्याचा. सकाळच्या एसटीने यायची, डोक्यावर बांगड्यांचं गाठोडं, काखेत पत्र्याची पेटी, पायात नवऱ्याच्या जुन्या चपला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण चपला टिकाऊ निघाल्या असं ती सांगायची. गावात तिला कुणी मणियारीण म्हणे, कुणी चुडीवाली. समोर मात्र लहानथोर सगळे खालाच म्हणत. त्या गावांपैकी एका गावात मी आरोग्यसेविका होते. आमचं उपकेंद्र स्टॉपच्या अगदी समोर, म्हणून बसमधून उतरली की ती पहिलं पाणी माझ्याकडे प्यायची.

खालाबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागतं. म्हणून हे लिहिणं मी बरेच दिवस टाळलं.

पहिल्याच भेटीत तिने माझा हात न विचारता ओढून घेतला होता. गळ्यात मंगळसूत्र आणि हातात नुसतं घड्याळ, हे तिला बघवलं नाही. "नर्स शे म्हनीसन भुंडा हात ठेवस?" मी म्हटलं, "खाला, कामात अडचण होते. इंजेक्शनं द्यायची असतात." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पेटी उघडली. बांगडी पेराशी आली तसा माझा हात आखडला. त्याबरोबर तिने विचारलं, "माहेर कोनतं तुन्हं?" मी जळगावकडच्या माझ्या गावाचं नाव सांगितलं, वाक्य पुरं होण्याआधी बांगडी मनगटावर होती. मग तिने आपलं गुपित सांगितलं. "सासूनं नाव काढं का हात कडक व्हस, मायनं नाव काढं का लोणी व्हस." पुढे मी तिला शेकडो हात भरताना पाहिलं. बरोबर पेरावर बांगडी अडली की ती माहेर विचारायची. उत्तर तिला पाठ असलं तरी विचारायची.

बांगडी जबरदस्तीने चढवायची नाही हा तिचा नियम होता. एखादी हौशी पोर म्हणे, लहानच हवी, घट्ट हवी. खाला दोनदा प्रयत्न करायची आणि ठेवून द्यायची. "हातले इचार. हात नही म्हनस तं नही." बांगडी फुटलीच, तर "फुटली" हा शब्द तिच्या तोंडातून कधी निघाला नाही; आमच्याकडच्या बायकांसारखीच ती "वाढली" म्हणायची, आणि तुकडे अंगणात राहू नयेत म्हणून स्वतः वेचायची. चुडा भरून झाला की सुना तिला वाकून नमस्कार करायच्या. तेवढ्यापुरती ती डोक्यावरचा पदर सारखा करून ताठ बसायची आणि प्रत्येकीला म्हणायची, "सुखी ऱ्हाय." मग पुन्हा वाकून गाठोडं बांधायला लागायची.

त्या बोटांना काय काय कळत होतं ते सांगायला लागले तर लोकांना खोटं वाटेल. गावाला पाणी आलं, केळी-ऊस आला, तशी दोन-चारची मनगटं दोन-आठची कशी झाली हे ती गल्लीवार सांगायची. नवी सून सासरी जेवते की नाही हे ती दुसऱ्या खेपेला ओळखायची. कुणाचे हात दिवस गेल्यावर सुजतात, कुणाची कातडी थायरॉइडच्या बाईसारखी कोरडी पडली आहे (तिला थायरॉइड हा शब्द ठाऊक नव्हता, ती "सुकेल हात" म्हणायची), हे सगळं बांगडी भरता भरता तिला समजायचं. आमच्या कार्यालयाला जी माहिती वर्षभर तक्ते भरूनही मिळत नव्हती, ती एका निरक्षर बाईच्या दहा बोटांत होती. मी तिला गमतीने म्हणायची, "खाला, तुम्हालाच टॅब देऊन टाकते." ती म्हणायची, "दे. त्याना हात कितला शे?"

टॅबची गोष्ट सांगायलाच हवी. पूर्वी आमच्या नोंदी वहीत असत. पुढे वहीही राहिली आणि टॅबही आला, म्हणजे तीच माहिती दोनदा. वहीत एखादा रकाना कोरा राहिला तर चालून जायचं. टॅबवर रकाना कोरा ठेवला की त्याभोवती लाल चौकट यायची आणि पुढचं पान उघडायचंच नाही. मला कोरा रकाना तसाही खपत नसे. लहानपणापासून माझं अक्षर वळणदार, वही नेटकी. बैठकीत साहेब माझी वही उचलून सगळ्यांना दाखवायचे, "नोंदी अशा पाहिजेत," म्हणायचे. मला ते फार आवडायचं. बीपी मोजता आलं नाही, मशीनने चूक दाखवली, बाई घाईत निघून गेली, की आम्ही सगळ्याजणी ११०/७० लिहायचो. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. चहा पिताना आम्ही हसायचो की आपल्या भागातल्या बायकांची तब्येत किती छान, सगळ्यांचं बीपी एकच.

जागृती ही गावातल्या एका गुजर पाटलांची सून. बावीस वर्षांची, सडपातळ, हसरी. पहिलटकरीण. दुसऱ्या तपासणीला आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे तिचा डावा हात टेबलावर घेतला. माझं टेबल खिडकीला लागून होतं, त्यामुळे सगळ्यांचा डावाच हात माझ्याकडे यायचा. पट्टा बांधला, बटण दाबलं. मशीन फुगलं, थांबलं आणि चूक दाखवली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. सेल बदलले. जागृती म्हणाली, "सिस्टर, हाऊ हात कपडा वाळत घालताना भरी येस. खाली पडी जास." मी म्हटलं, "अशक्तपणा आहे. गोळ्या घेतेस ना नेमाने?" आणि ११०/७० लिहून टाकलं. तिच्यामागून आलेल्या बाईचं बीपी त्याच मशीनने, त्याच सेलवर पहिल्याच झटक्यात दाखवलं. हे माझ्या लक्षात आलं होतं. मशीन बिघडलं होतं असं मी पुढे अनेकांना सांगितलं, म्हणून इथे सरळ लिहिते: लक्षात आलं होतं.

पुढच्या तपासण्यांनाही तसंच झालं. शेवटी शेवटी मी तिच्या हाताला पट्टा बांधायचंही सोडलं.

सातव्या महिन्यात तिची ओटी भरली. हिरवा चुडा भरायला अर्थातच खाला. थंडीचे दिवस लागले होते, महिनाअखेर होती, आणि मी उपकेंद्रात मान मोडून अहवाल भरत बसले होते. दुपारी खाला आत आली. तिचा नेम असा की आधी पाणी, मग गप्पा, मग काम. त्या दिवशी तिने पाणी मागितलं नाही. गाठोडंसुद्धा डोक्यावरून उतरवलं नाही.

"सिस्टर, त्या पोरना डावा हात मुका शे."

"मुका म्हणजे?"

"बोलत नही. बांगडी भरताना अंगठाना बुडे हात बोलस, टुकटुक. तिना उजवा बोलस. डावा गप. मी तीनदाव धरा."

मला हसू आलं. "थंडी पडली आहे, खाला. हात गार पडले की लागत नाही."

"थंडा हात माले समजस. हाऊ थंडा नही, मुका शे." ती दारातच उभी होती. "तू देख एकदाव. आतेच देख. मन्ही बहीनना हात बी असाच..."

मी तिला तिथेच तोडलं. अहवाल पाच वाजता जायचा होता. मी वही तिच्यापुढे उघडली, जागृतीच्या नावापुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे बघा. दर वेळी मोजलंय मी. याच हाताचं. एकशे दहा, सत्तर. याहून चांगलं बीपी नसतं."

खालाला वाचता येत नव्हतं. तिने गाठोडं खाली ठेवलं, वाकून त्या आकड्याकडे बघितलं. आकड्याच्या खालच्या ओळीत तोच आकडा, त्याच्या खाली पुन्हा तोच. माझं अक्षर खरंच सुंदर आहे. बराच वेळ बघून ती म्हणाली, "वहीमा लिखेल शे?"

"लिहिलंय ना."

"मंग ठीकच व्हई." तिने आपल्या बोटांची टोकं एकमेकांवर घासली. "मन्हाच हात म्हातारा व्हयना वाटस." आणि पाणी न पिता ती स्टॉपवर जाऊन बसली. मी वर मान करून बघितलं तेव्हा ती आपल्याच डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून बसली होती. मला त्याचीही गंमत वाटली. मी पुढचा रकाना भरला.

जानेवारीत एका सकाळी जागृती भाकरी थापता थापता कोसळली. झटके आले, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. शहादा, तिथून नंदुरबार, तिथून थेट नाशिक. बाळ वाचलं नाही. जागृती वाचली. तिचा उजवा हात लुळा पडला आणि शब्द जड झाले. म्हणजे आता एका हाताला नाडी नव्हती आणि दुसऱ्या हाताला जोर नव्हता. तिची सासू मला भेटायला आली आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तं कितल्या दाव तपासं तिले. आमनंच नशीब." मी तिला चहा केला. त्याहून जास्त काही मला करता आलं नाही, किंवा मी केलं नाही.

नाशिकच्या एका तरुण डॉक्टरचा फोन आला. त्याने समजावून सांगितलं की जागृतीला झालेल्या आजारात शरीर स्वतःच्याच मोठ्या रक्तवाहिन्यांवर उलटतं. भिंती सुजून जाड होतात, आतली वाट अरुंद होते, हळूहळू हाताची नाडी लागेनाशी होते. नाव एका जपानी डॉक्टरचं आहे, आमच्या जिभेवर ते बसत नाही. पुस्तकात त्याला नाडी नसलेला आजार असंही म्हणतात. बायकांना पुरुषांपेक्षा फार जास्त, त्यातही तरुण वयात, आणि आपल्या आशियाकडे जास्त दिसतो. जागृतीचं खरं बीपी उजव्या हाताला मोजलं तेव्हा भयंकर चढलेलं होतं. मग त्याने विचारलं, "सिस्टर, डाव्या हाताची नाडी महिन्यांपूर्वीच गेलेली असणार. तुमच्या नोंदीत त्याच हाताचं ११०/७० आहे, दर वेळी. ते कसं?"

मी म्हटलं, "मशीन खराब होतं, सर."

त्याने मशीनचा विषय तिथेच सोडला. मग म्हणाला की तो अशा रुग्णांची माहिती गोळा करतो आहे, कोण, कुठल्या, किती वयाच्या. आमच्या भागातून त्याला ही पहिलीच मिळाली होती. "दुर्मीळ आहे असं आम्ही लिहितो खरं," तो म्हणाला, "पण दोन्ही मनगटं धरून बघतं कोण?" त्याने एक फॉर्म पाठवला. अशा आणखी स्त्रिया आपल्या क्षेत्रात आढळल्या का, या प्रश्नापुढे मी आमच्या सरकारी सवयीने 'निरंक' लिहिलं. शून्य लिहिण्यापेक्षा निरंक लिहिलं की काम केल्यासारखं दिसतं. त्याखालचा प्रश्न असा होता: नाडी लागत नसल्याचे प्रथम कोणाच्या लक्षात आले?

तिथे माझं पेन थांबलं. खोटं लिहायला काहीच हरकत नव्हती, कुणी विचारणार नव्हतं. नाशिकच्या डॉक्टरचंच नाव लिहिता आलं असतं. फॉर्म दोन महिने टेबलाच्या खणात राहिला.

एवढ्या काळात खाला गावात आली नव्हती. जागृतीचं तिला कळलं असणार, म्हणून येत नसेल, असं मी धरून चालले होते. उन्हाळा लागल्यावर एका रविवारी मीच शहाद्याला तिच्या घरी गेले. ओटीवर तिची सून बांगड्या मापाप्रमाणे दोरीत ओवत बसली होती. खाला आत, भिंतीला टेकून. पेटी कोपऱ्यात बंद. सून म्हणाली, "अम्मी ने जत्रे के बाद से काम छोड़ दिया. बोलती है, हाथ का भरोसा नहीं रहा."

मी खालाच्या पुढ्यात बसले. तिने सवयीने माझा हात घेतला आणि ओळखलं. जागृतीबद्दल विचारलं. "त्या पोरले काय व्हयनं ते ऐकं मी. पन तुन्ही वहीमा तं चांगलं व्हतं ना? मंग हाऊ दुसराच काही आजार व्हई."

तिने स्वतःहून मला वाट करून दिली होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हटलं, "खाला, वहीतलं मी मनाने लिहिलं होतं. मशीनला त्या हाताची नाडी कधी लागलीच नाही. आकडा खोटा होता. तिचा हात मुका होता. तुमचं बरोबर होतं."

ती रागावेल, याची मी तयारी करून गेले होते. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. पण तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. तिने माझा हात सोडला, आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तं मन्हा हात बराबर व्हता?"

"बरोबर होता."

"बराबर व्हता," ती सुनेला ऐकू जाईल असं म्हणाली. मग तिने ते वाक्य पुरं केलं, जे मी उपकेंद्रात अर्ध्यावर तोडलं होतं. बांगड्या भरायचं ती शिकली ते धाकट्या बहिणीच्या हातावर. मणियारांकडे पोरी अशाच शिकतात, घरातल्याच हातांवर. रोज तोच हात. एका वर्षी त्या हाताचं टुकटुक बारीक झालं, मग गेलं. तिने आईला सांगितलं. आईने ताईत बांधला. बहीण एकविसाव्या वर्षी गेली. मुका हात हा शब्द खालाने तिच्यासाठी केलेला होता, आणि तेव्हापासून प्रत्येक हात भरताना ती आधी अंगठ्याचं बूड दाबायची. माप बघायला नव्हे. मला इतकी वर्षं ते मापासाठी वाटत होतं.

बोलता बोलता ती मध्येच थांबली. तळवे तसेच पुढे धरलेले.

"सिस्टर," ती म्हणाली, "मंग जत्रामा ती बाई..."

दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांची जत्रा भरते, तिथे खालाच्या पुतण्याचं बांगड्यांचं दुकान असतं. खाला दर वर्षी दुकानात बसायची. एवढी वर्षं जत्रेत बसून आपण एकही घोडा नीट बघितला नाही, असं ती कौतुकाने सांगायची. उपकेंद्रात मी तिला वही दाखवली त्यानंतरच्याच जत्रेत डोंगरातली एक बाई बांगड्या भरायला बसली होती. तळोद्याच्या वरच्या बाजूची असावी. भाषा खालाला नीट कळत नव्हती. तरुण. हात दोन-चारचा. आणि डावा हात मुका.

"मी तिले काही नही सांगं," खाला म्हणाली. "माले वाटनं, सिस्टरनी वही खरी, मन्हा हात खोटा. बांगड्या भऱ्यात नि जाऊ दिधी. मंग पेटी बंद कयी."

"नाव विचारलं होतं?"

"माहेर इचारं व्हतं. तिले समजनं नही. हसनी." खालाने अंगठ्याजवळची जागा दाखवली. "आठे भाजेल डाग व्हता. रुपयाएवढा."

सून आतून पाणी घेऊन आली आणि आमच्याकडे बघून तांब्या ठेवून निघून गेली. जागृतीच्या बाबतीत मी चुकले हे मी मनात कितीतरी वेळा घोळवलं होतं, त्याची एक प्रकारे सवय झाली होती. ही दुसरी बाई मला ठाऊकच नव्हती. माझा एक खोटा आकडा माझ्या वहीतून उठून खालाच्या बोटांत गेला होता आणि तिथून कुणाच्या तरी मनगटापर्यंत पोचला होता.

खालाने मला एकच गोष्ट करायला लावली. "आते तू जागृतीले सांग. मी बी येस संगे." आम्ही गेलो. मी सगळं सांगितलं, सासूसमोर. सासू उठून आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. जागृती माझ्याकडे बघत एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मी... सांगेल व्हतं... तुम्हले. हात भरी येस." मी म्हटलं, "हो. सांगितलं होतंस." परत येताना खाला बसमध्ये माझा हात धरून बसली.

फॉर्ममध्ये मी 'निरंक' खोडलं. प्रथम कोणाच्या लक्षात आले, इथे खालाचं नाव लिहिलं, व्यवसाय बांगड्या भरणे. वरिष्ठांना लेखी कळवलं; खुलासा मागितला गेला, ताकीद मिळाली, वही आता बैठकीत कुणी उचलून दाखवत नाही. नाशिकच्या डॉक्टरला वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्याने खालाशी फोनवर बोलायचं म्हटलं. तिने फोन कानापासून लांब धरून सगळं सांगितलं: बहीण, जागृती, जत्रेतली बाई. डॉक्टर म्हणाला, "तिघीही तरुण, तिघींचाही डावाच हात. पण खाला, बायकांचाच आजार आहे असं यावरून म्हणता येणार नाही हं. तुम्ही पुरुषांचे हात धरतच नाही." खाला म्हणाली, "तोबा." त्यानंतर तिने त्यालाच बजावलं, "डाक्टरसाहेब, दोन्ही हात धरत जा."

त्या वर्षीच्या जत्रेत खालाने पेटी पुन्हा उघडली. मी रजा काढून तिच्या शेजारी बसले. डोंगरातल्या बायका आल्या की ती पुतण्याला बाजूला सारायची आणि स्वतः हात घ्यायची, आधी डावा, मग उजवा. मी अंगठे बघायची. तिची नजर अधू झाली होती, डाग शोधायचं काम माझं. जितके दिवस जत्रा होती तितके दिवस आम्ही बसलो. भाजल्याच्या खुणा पुष्कळ दिसल्या, चुलीपुढचे हात ते. ती एक दिसली नाही. शेवटच्या दिवशी दुकान आवरताना खालाने माझा हात ओढला आणि हिरव्या काचेच्या दोन बांगड्या काढल्या. पेरावर बांगडी अडली. तिने विचारलं, "माहेर कोनतं तुन्हं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "सुखी ऱ्हाय." नमस्कार करायला मी वाकले ते मला लवकर उठता आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खाला गेली. सून म्हणाली, शेवटी शेवटी जो भेटायला येईल त्याची दोन्ही मनगटं धरून बघायची, पुरुषांचीसुद्धा.

आता माझं टेबल खिडकीपासून हलवलं आहे. प्रत्येक बाईचे दोन्ही हात घेते. मशीन चूक दाखवतं तेव्हा टॅबवर लाल चौकट तशीच राहू देते, पान पुढे सरकत नाही, ओरडा खाते. दर डिसेंबरात सारंगखेड्याला खालाच्या पुतण्याच्या दुकानात बसते. मला बांगड्या भरता येत नाहीत, पण हात धरता येतात. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी एक ओळ आखून ठेवली आहे. नाव, गाव, वय, बीपी, असे रकाने. त्यात फक्त शेऱ्याचा रकाना भरलेला आहे: डावा हात, दोन-चार, अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग. बाकी ओळ कोरी आहे. तिच्याकडे बघितलं की अजूनही माझा हात पेनाकडे जातो.